कादंबरीची खतावणी

(सोलापुरात वाचकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मंडळी, निवृत्त झाल्यावर कादंबरी लिहायची, असं ठरवून बसलेली माणसं आपल्या सोलापुरात कमी नाहीत. शाळेतून, बँकेतून, रेल्वेतून माणूस बाहेर पडतो, पहिल्याच महिन्यात जाड वही आणतो, साठ-सत्तर पानं झपाट्यानं लिहितो आणि थांबतो. का थांबलात विचारलं, तर उत्तर ठरलेलं असतं : घरात निवांतपणा नाही हो.

निवांतपणा नसतो हे खरंच. त्याकडे मी येणार आहे. पण सत्तराव्या पानावर गाडी अडते ती बहुतेक वेळा दुसऱ्याच कारणानं. पंचविशीतला लेखक अख्खी गोष्ट डोक्यात घेऊन हिंडू शकतो. साठीनंतर शब्दसंग्रह शाबूत असतो, उलट थोडा वाढलेलाच असतो. माणसांची पारखही वाढलेली असते. कमी होते ती एका वेळी पुष्कळ सुटे तपशील धरून ठेवायची ताकद. धाकट्या सुनेचं माहेर बार्शी लिहिलं होतं की पंढरपूर? थोरल्याचं लग्न आजीच्या मृत्यूआधी की नंतर? हे आठवेना झालं की माणूस मागची पानं चाळतो. चाळताना दुरुस्त्या सुचतात. दुरुस्त्या करता करता पहिलं प्रकरण चौथ्यांदा लिहून होतं, आणि सातवं प्रकरण जिथं होतं तिथंच राहतं. म्हणून वय झालेल्या लेखकानं कादंबरीआधी कादंबरीचा हिशोब लिहावा, असं माझं सांगणं आहे. त्या वहीला मी खतावणी म्हणतो. व्यापाऱ्यांच्या गावात हा शब्द समजावून सांगावा लागू नये.

आधी आकड्यांचं बोलू. मध्यम आकाराची कादंबरी साठ हजार शब्दांची धरा. डेमी आकाराच्या छापील पानावर साधारण अडीचशे ते तीनशे शब्द बसतात, म्हणजे दोनशे ते दोनशे चाळीस पानांचं पुस्तक. रोज ३०० शब्द, आठवड्याचे ५ दिवस, म्हणजे आठवड्याला १५०० आणि ४० आठवड्यांत साठ हजार. वर्षाचे बारा आठवडे शिल्लक राहतात. ते गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वरांच्या यात्रेला, दिवाळीला, लग्नसराईला आणि दवाखान्याला लागतातच. रोज हजार शब्दांचा नेम करू नका. तो तिसऱ्या दिवशी पाहुणे आले की मोडतो, चौथ्या दिवशी दोन हजारांची थकबाकी दिसते आणि पाचव्या दिवशी वही उघडवत नाही. तीनशे शब्द म्हणजे फुलस्केपचं एक पान. एका बाजूला लिहायचं, डावीकडे रुंद समास सोडायचा, पानाला नंबर घालायचा. मागची बाजू कोरी ठेवल्यामुळे पुढं जोडायचा मजकूर तिथं लिहिता येतो आणि कात्रीही चालवता येते.

आता खतावणी. तिच्यात तीन खाती हवीत : माणसं, सालं आणि पैसा.

माणसांच्या खात्यात प्रत्येकाला समोरासमोरची दोन पानं द्या. जन्माचं साल, शिक्षण कुठवर आणि कोणत्या साली, लग्न, नोकरी, मृत्यू हे तर सगळेच लिहितात. त्यापुढचं लिहा. हा कुणाला काय म्हणून हाक मारतो? घरात कुणाशी बोलत नाही आणि कोणत्या वर्षापासून? शरीरावर कसली खूण आहे आणि ती कधीपासून? यंत्रमागावर तीस वर्षं काढलेल्या माणसाला कमी ऐकू येतं, तो घरातही ओरडून बोलतो. हे लेखकाला माहीत असतं, पण पन्नासाव्या पानावर ओरडणारा बाप दीडशेव्या पानावर कुजबुजलेलं ऐकतो. खतावणीत ती ओळ असती तर हे झालं नसतं.

आणि वयाच्या दोन नोंदी करा. एक खरी, एक कागदोपत्री. आपल्याकडं एका पिढीतल्या किती जणांचा जन्म १ जूनचा आहे, आठवून पाहा. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, गुरुजी अंदाजानं साल धरायचे आणि १ जून लिहून मोकळे व्हायचे. निवृत्ती मात्र त्याच तारखेनं होते. राज्य सरकारी नोकर बहुतेक अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होतो, आणि जन्म महिन्याच्या एक तारखेचा असेल तर आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी. म्हणजे १ जूनवाले सगळे ३१ मे रोजी एकदम घरी. एखाद्याचं कागदावरचं वय खऱ्या वयाहून दोन वर्षांनी जास्त लागलेलं असेल, तर तो अंगात धमक असताना घरी बसतो, आणि त्याचा राग कुणावर निघतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. एका चुकीच्या तारखेतून अख्खं प्रकरण मिळतं.

सालांचं खातं वहीत मावत नाही. त्याला चार्टपेपर घ्या. उभ्या बाजूला सालं, आडव्या बाजूला माणसं, प्रत्येक चौकटीत त्या साली त्या माणसाचं वय. हे काम कंटाळवाणं आहे, दोन दिवस जातात, आणि कौटुंबिक कादंबरीत याच्याइतकं फळ देणारं दुसरं काम नाही. उदाहरण मांडून दाखवतो.

समजा, गिरणीतल्या कुटुंबाची तीन पिढ्यांची कादंबरी आहे. आजोबा जन्मले १९१८ साली, मुलगा १९४४, नातू १९७०. लेखकाला वाटतं, सोलापूरची कादंबरी आहे, मे १९३० चा मार्शल लॉ हवाच. आजोबा गांधी टोपी घालून मोर्चात हवेत. पण तेव्हा आजोबांचं वय बारा. बारा वर्षांचा मुलगा बंद खिडकीच्या फटीतून लष्कर बघेल. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात सोलापूरच्या चौघांना फाशी झाली, त्या दिवशी घरात चूल का पेटली नाही, असं आईला विचारेल. मोर्चाच्या पुढं चालणार नाही. मग लेखक काय करतो, तर आजोबांना आठ वर्षं मागं सरकवतो. जन्म १९१०. इथं घात होतो. आजोबा सरकले की मुलगा सरकतो. तो आता १९३६ चा. नव्वदच्या दशकात शहरातल्या मोठ्या गिरण्यांचे भोंगे बंद होतात तेव्हा १९४४ चा मुलगा पन्नाशीत आहे, मुलीचं लग्न तोंडावर आहे, त्याची नोकरी जाते. कादंबरीचा कणा तो आहे. १९३६ चा मुलगा मात्र तेव्हा अठ्ठावन्नचा, त्याच्या निवृत्तीला किती महिने राहिले असतील? तुम्ही मोर्चा मिळवलात आणि गोष्ट घालवलीत. उपाय सोपा आहे : आजोबांना एक थोरला भाऊ द्या, तो १९१० चा. मोर्चा त्याचा, आठवण आजोबांची, आणि दोघांमध्ये आयुष्यभर पुरेल एवढा हेवासुद्धा आयता मिळतो. चार्ट समोर असला की हे दहा मिनिटांत दिसतं. नसला तर दीडशे पानांनंतर दिसतं, आणि तेव्हा माणूस हस्तलिखित माळ्यावर टाकतो.

सालांच्या चुका ठरावीक असतात, त्यामुळे पकडता येतात. १९७२ साली 'दहावीची बोर्डाची परीक्षा' नव्हती. तेव्हा मॅट्रिक म्हणजे अकरावी. दहावीची पहिली तुकडी १९७५ ची. १ एप्रिल १९५७ पूर्वी रुपयाचे शंभर पैसे नव्हते, सोळा आणे होते. १९७२ च्या उन्हाळ्यात सोलापूरच्या वाड्यात कुणी टीव्ही बघू शकत नाही, कारण मुंबई दूरदर्शनच त्या वर्षी २ ऑक्टोबरला सुरू झालं. त्या उन्हाळ्यापासून पुढं जिल्ह्यात दुष्काळ होता. खडी फोडण्याची कामं होती, सुकडी होती, रेशनवर लाल मिलो ज्वारी होती. रोजगार हमीचा कायदा त्यानंतरचा, १९७७ चा. तार २०१३ च्या जुलैपर्यंत येत होती, पण मृत्यूची बातमी २००५ साली तारेनं आली असं लिहिलंत तर वाचक हसेल. तारखा बरोबर असूनही काळ चुकू शकतो, तो असा.

सीमेकडचे लेखक आणखी एक गोष्ट विसरतात. तुळजापूर इथून पंचेचाळीस किलोमीटर. पण सप्टेंबर १९४८ पर्यंत तो मुलूख निजामाचा होता आणि तिथं हाली सिक्का, म्हणजे निजामाचं स्वतःचं चलन, चालायचं. अक्कलकोट वेगळं संस्थान होतं. म्हणजे १९४५ साली तुळजापूरची मुलगी सोलापुरात दिली, तर ती दुसऱ्या राज्यातून आली. माहेरच्या माणसानं जाताना हातावर ठेवलेला रुपयासुद्धा वेगळा. त्या मुलीचं वयही तपासा : ब्रिटिश मुलखात १९३० पासून मुलीच्या लग्नाचं किमान वय कायद्यानं चौदा होतं. कायदा पाळला जायचा असं नाही, पण मोडला गेला असेल तर घरातल्या कुणाला तरी ते माहीत असतं.

सणांचंही असंच. आपल्याकडं गड्ड्याचे दिवस संक्रांतीच्या आसपास ठरलेले : आधी अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक, मग अक्षता, मग होम. त्यामुळे जानेवारीचा प्रसंग लिहिताना तारीख चुकत नाही. बाकीच्या सणांना जुनं पंचांग काढा. अधिक महिना साधारण बत्तीस-तेहेतीस महिन्यांनी येतो आणि पुढचे सण ढकलतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या रात्री गणपतीचं विसर्जन होतं. ज्या लेखकाला एवढं माहीत आहे त्याच्या कादंबरीतली तरुण पोरं मिरवणुकीतून नुकती येऊन, गुलालासकट आडवी झालेली असतील; ज्याला माहीत नाही त्याच्या कादंबरीत सगळं घर नऊ वाजल्यापासून झोपलेलं असेल. धक्का सोलापुरातही बसला, दोन्ही घरांना बसला. पण पहिल्या घरावर वाचक विश्वास ठेवतो.

तिसरं खातं पैशाचं. मराठी कादंबऱ्यांतली कुटुंबं भांडतात भरपूर, पण महिन्याचा खर्च किती ते कळत नाही. घरात कोण किती आणतं, कुणाच्या हातात देतं, कर्ज कुणाकडून आहे हे प्रत्येक दहा वर्षांसाठी लिहून ठेवा. नोकरी लिहिलीत तर ती हातानं कशी करतात तेही लिहा, कारण संवाद त्यावर ठरतात. विडी वळणारी बाई घ्या. पानं भिजवायची, साच्यावर धरून कात्रीनं कापायची, तंबाखू भरून वळायची, तोंड मुडपायचं, दोरा गुंडाळायचा. हजार विड्या म्हणजे पंचविसाच्या चाळीस जुड्या, आणि त्याला दिवसाचे आठ-दहा तास जातात. कारखान्यात पान खराब निघालं की भुर्दंड तिचा, विडी वाकडी निघाली की ती छाट म्हणून बाजूला. या बाईच्या मांडीवर सूप आहे. तिची नजर सुपात आहे. मुलगा पळून गेल्याची बातमी आली तर ती 'ताडकन उठून उभी' राहत नाही. उठली तर तंबाखू सांडते. ती बोटं थांबवते, एवढंच. नाहीतर तीही थांबवत नाही. लेखकानं सूप पाहिलं असेल तर हे सुचतं.

बोलीबद्दल थोडक्यात. आपल्या गावात एका गल्लीत मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी उर्दू नांदतात. लिंगायत घरात अव्वा आणि अप्पा, तेलुगू घरात अम्मा आणि नायना. पात्राची भाषा दाखवायला प्रत्येक वाक्य मोडायची गरज नाही. दोन-तीन लकबी निवडा, त्या खतावणीत लिहा आणि शेवटपर्यंत पाळा. 'काय करायलास बे' हे मित्र मित्राला म्हणेल. तोच माणूस सासऱ्याशी बोलताना 'बे' गिळतो. गिळलेला 'बे' ऐकू आला पाहिजे. सगळ्याच पात्रांच्या तोंडी 'बे' घातलात की सोलापूर उरत नाही, विनोदी व्हिडिओ उरतो.

आता म्हातारपणाकडं येतो. लेखक स्वतः म्हातारा असूनही कादंबरीत म्हातारी माणसं वाईट उतरतात याचं मला नवल वाटतं. सगळी आरामखुर्चीत, सगळी शहाणी, सगळी एकाच वयाची. पासष्ट, पंचाहत्तर आणि पंच्याऐंशी ही तीन वेगळी वयं आहेत. वय दाखवायचं असेल तर पांढरे केस आणि थरथरता आवाज बाजूला ठेवा आणि माणसाच्या हातून कोणती कामं कोणत्या क्रमानं सुटतात ते दाखवा. हा क्रम बराचसा ठरलेला आहे. गुंतागुंतीची कामं आधी जातात : रात्री स्कूटर चालवणं, बँकेचे व्यवहार, एकट्यानं प्रवास, औषधांचा हिशोब, पूर्ण स्वयंपाक. स्वतःच्या देहाची कामं नंतर जातात, आणि त्यांतही अंघोळ लवकर सुटते, मग कपडे घालणं, मग संडासला जाणं; स्वतःच्या हातानं घास घेणं सगळ्यात शेवटी. म्हणजे वडील पासबुक मुलाकडं देतात तो प्रसंग आणि सून पहिल्यांदा त्यांच्या अंगावर पाणी घालते तो प्रसंग, या दोहोंत काही वर्षं असायला हवीत. ज्या कादंबरीत दोन्ही एकाच पावसाळ्यात होतात तिथं मध्ये अर्धांगवायू किंवा मांडीचं हाड मोडणं असं काहीतरी घडलेलं असलं पाहिजे, आणि ते सांगितलेलं असलं पाहिजे.

ऐकणं कमी होतं तेही सगळं सारखं होत नाही. वरच्या पट्टीतले आवाज आधी जातात. स, श, फ, ख यांसारखी व्यंजनं निसटतात, स्वर ऐकू येतात. म्हणून आजोबांना कुणीतरी बोलतंय हे कळतं, काय ते कळत नाही. पुरुषांचं त्यातल्या त्यात कळतं, नातवंडांचं आणि सुनांचं कमी. मग सून म्हणते, 'मी बोललं की ऐकू येत नाही, मुलगा बोलला की बरोबर येतं.' तिचा अनुभव खरा असतो आणि आजोबांचा दोषही नसतो. घरोघरी चालणारं भांडण आहे हे, आणि कादंबरीत जवळपास कुठं येत नाही. स्मृतिभ्रंशाच्या बहुतेक रुग्णांत ताजं आधी पुसलं जातं, जुनं मागं राहतं. आजीला सकाळी जेवल्याचं आठवत नाही, पण गिरणीच्या भोंग्याच्या वेळा आठवतात आणि त्या वेळेला ती डबा भरायला उठते. तिला एकदम सगळंच विसरायला लावू नका. त्यानं प्रसंग सोपा होतो आणि आजार खोटा.

बरं, निवांतपणा. भरल्या घरात सलग चार तास मिळणार नाहीत असं धरूनच चालायचं. कामाचे तुकडे करायचे. पंधरा मिनिटं मिळाली तर खतावणीच्या नोंदी, कालच्या पानातलं शुद्धलेखन, पात्रांची नावं ठरवणं. पाऊण तास मिळाला तर चालू प्रसंग पुढं नेणं. नवं प्रकरण सुरू करणं किंवा पाच-सहा माणसं एकत्र बोलतात असा प्रसंग लिहिणं, याला दोन तास हवेत. ते आठवड्यातून दोनदा मिळाले तरी भागतं. लोक नेमकं उलटं करतात : मिळालेल्या दोन तासांत शुद्धलेखन आणि पंधरा मिनिटांत नवं प्रकरण. थांबताना पुढचं वाक्य काय आहे ते समासात पेन्सिलीनं लिहून थांबा. दुसऱ्या दिवशीची सुरुवातीची वीस मिनिटं वाचतात.

वय वाढलं की झोप पहाटे लवकर उघडते. त्याची तक्रार करण्यापेक्षा ती वेळ लिखाणाला द्या, विशेषतः एप्रिल-मेमध्ये, जेव्हा दुपारी पारा बेचाळीसच्या वर असतो आणि पंख्याखाली कागद उडतात. नळाला पाणी यायच्या दिवशी लिहायचा नेम करू नका. चार-पाच दिवसांनी पाणी येणार, त्या दिवशी घरातल्या प्रत्येक हाताला काम असतं, आणि टाकी भरत असताना खोलीत बसून लिहिणाऱ्या माणसाला जे ऐकावं लागतं ते योग्यच असतं. अंथरुणाला खिळलेलं माणूस घरात असेल तर जखमा होऊ नयेत म्हणून त्याची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते. तेच घड्याळ लिखाणालाही लावता येतं : कूस बदलली, पाणी दिलं, आता पाऊण तास आपला. सेवेची पाळी बायकोवर ढकलून लिहिलेल्या कादंबऱ्या मराठीत भरपूर आहेत. त्यात आणखी भर घालू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

अर्धवट हस्तलिखित घरच्यांना वाचायला देऊ नका. ते गोष्ट वाचत नाहीत, त्यात कोण कोण आहे ते शोधतात. पहिला खर्डा पूर्ण झाल्यावर दोन बाहेरची माणसं पुरेत, एक सालं-तपशील तपासणारा आणि एक भाषा वाचणारा.

शरीराचं एवढंच सांगतो. वाचायचं अंतर पस्तीस ते चाळीस सेंटिमीटर असतं, संगणकाचा पडदा त्याहून लांब, पंचावन्न-साठवर. दुहेरी भिंगाचा चष्मा लावणारा माणूस खालच्या भिंगातून पडदा बघायला हनुवटी वर उचलतो आणि महिन्याभरात मान धरते. चष्मेवाल्याला पडद्याचं अंतर मोजून सांगा आणि वेगळा चष्मा करा. अक्षर सोळा-अठरा पॉइंटचं ठेवा. उजव्या हातानं लिहिणाऱ्यानं दिवा डावीकडं ठेवावा, नाहीतर हाताची सावली ओळीवर पडते. अंगठ्याचा सांधा दुखत असेल तर जाड पेन घ्या, किंवा फोनला मराठीत सांगा, तो लिहून घेतो. मात्र तो विरामचिन्हं सोडतो, नावं बिघडवतो आणि बोली सरळ करून टाकतो. 'करायलाय' म्हटलं की 'करायला' उमटतं. संवाद हातानंच टाईप करावेत. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असतील तर प्रसंग रंगलाय म्हणून जेवण पुढं ढकलू नका. साखर उतरली की आधी डोकं चालेनासं होतं, आणि ते आपल्याला कळत नाही.

घरच्यांच्या गोष्टी लिहाव्यात का, हा प्रश्न नेहमी येतो. लिहाव्यात, पण एका माणसाचं एक पात्र करू नये. काकांचा स्वभाव, शेजाऱ्याचा धंदा, तिसऱ्याच कुणाचं लग्न असं एकत्र करा. नाव बदलून भागत नाही. ओळख पटते ती हुद्दा, गल्ली आणि मुलांची संख्या यांवरून, म्हणून निदान त्यातल्या दोन गोष्टी बदला. माणूस वारला आहे म्हणून आपण मोकळे, असंही समजू नका. बदनामीचं कलम आता भारतीय न्याय संहितेत ३५६ वं आहे. मृताची अब्रू, तो जिवंत असता तर गेली असती असा मजकूर त्याच्या घरच्यांची मनं दुखावण्याच्या हेतूनं लिहिला, तर तोही त्यात येऊ शकतो. कायद्यापेक्षा मोठी अडचण दिवाळीच्या फराळाची आहे. वाटणीचं भांडण लिहिणार असाल तर तुमच्या घरातला वाद मिटेपर्यंत थांबा. सातबारावर फेरफार चालू असताना आलेलं पुस्तक लोक कादंबरी म्हणून वाचत नाहीत, कैफियत म्हणून वाचतात.

शेवटी कागदपत्रं. हस्तलिखित युनिकोडमध्ये टाईप करून घ्या. जुन्या फॉन्टमधला मजकूर बदलताना रफार आणि जोडाक्षरं बिघडतात, आणि ती चूक तिसऱ्या प्रुफातही सापडत नाही कारण आपण ओळखीची ओळ वाचतच नाही, आठवतो. एक प्रूफ शेवटच्या पानाकडून पहिल्याकडं तपासा. फाईल तीन ठिकाणी ठेवा : संगणक, पेनड्राईव्ह आणि स्वतःलाच पाठवलेला ईमेल. प्रकाशकाशी करार लेखी करा. कॉपीराइट लिहून देताना मुदत घातली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारत.

लेखकाच्या मृत्यूनंतर, पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून साठ वर्षं कॉपीराइट चालतो. साठ वर्षं म्हणजे नातवंडं म्हातारी होईपर्यंत. मृत्युपत्रात घर लिहितात, सोनं लिहितात, पुस्तकांचे हक्क लिहीत नाहीत. मग वारस सहा होतात आणि नव्या आवृत्तीसाठी प्रकाशकाला सहा सह्या गोळा कराव्या लागतात. त्यातली एक अमेरिकेत असते आणि एक रुसलेली. हक्क एकाच्या नावावर करा, पैसे हवे तर सगळ्यांत वाटायला सांगा. अप्रकाशित हस्तलिखित मृत्युपत्रानं ज्याला द्याल, त्याला, तुम्ही वेगळं काही लिहिलं नसेल तर, कॉपीराइटही गेला असं कायदा धरतो. तेव्हा जुनी बाडं 'आठवण म्हणून' कुणालाही लिहून देऊ नका. मृत्युपत्राला स्टॅम्प पेपर लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, साक्षीदार मात्र दोन लागतात, आणि ते लाभ मिळणाऱ्यांपैकी नसलेले बरे. खतावणीसुद्धा त्याच ट्रंकेत ठेवा, अपुरी राहिलेली कादंबरी कुणाला पुरी करायची झालीच तर ती लागेल. बॉलपेनची शाई कालांतरानं उडते आणि फुलस्केपला कसर लागते, म्हणून वर्षातून एकदा ट्रंक उघडून कागद सावलीत वाऱ्यावर धरा. मृत्युपत्र कुठं ठेवलंय हे घरातल्या दोघांना तरी सांगून ठेवा.

चला, आता तुमचे प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतल्यांनी जरा मोठ्यानं विचारा. वरच्या पट्टीचं मघाशी सांगितलंच आहे.